वाटलेले ताट आणि वाढलेले मूल

कुपोषणाचा नवा अहवाल आला की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, वाटप कमी पडते आहे, निधी वाढवा. दुसरी म्हणते, लोकांना काय खावे हेच कळत नाही, वाटून काय होणार, आधी त्यांना शिकवा. मग दोघे मिळून पदार्थावर भांडतात: शिजवलेले द्यायचे की पाकीटबंद, गोळी द्यायची की पीठात मिसळायचे, प्रथिने आधी की लोह आधी. पंधरा दिवस हे चालते आणि विषय मागे पडतो. पुढच्या अहवालाला तीच माणसे तेच मुद्दे घेऊन हजर होतात. यात कुणी खोटे बोलते असे मला वाटत नाही. पण दोन्ही बाजू सुरुवातच ताटापासून करतात आणि तिथेच घोडे अडते.

माझे म्हणणे असे आहे. सामुदायिक पोषण कार्यक्रमाचे नियोजन करणाऱ्याने काय द्यायचे हा प्रश्न शेवटी विचारावा. या वस्तीतले हे मूल, ही गरोदर बाई, हा एकटा राहणारा म्हातारा नीट पोसला का जात नाही, हा प्रश्न आधी यावा. त्याचे उत्तर ज्यांच्या घरात आहे त्यांना सोबत घेऊनच ते शोधावे. आणि कार्यक्रम यशस्वी झाला की नाही हे किती ताटे वाटली यावरून ठरवू नये, किती मुले वाढली यावरून ठरवावे. हे ऐकायला सोपे वाटते. पण किती योजनांच्या पहिल्या पानावर हा प्रश्न असतो?

पेलाग्राची गोष्ट इथे आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग हजारोंना ग्रासत होता. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी बुद्धी भ्रमिष्ट व्हायची. हा संसर्ग आहे असा बहुतेक डॉक्टरांचा समज होता. १९१४ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. त्यांनी आधी नुसते पाहिले. अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, त्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. जंतू असा भेदभाव कसा करील? त्यांनी मिसिसिपीतल्या दोन अनाथालयांत मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्ये वाढवली आणि तिथला रोग जवळजवळ नाहीसा झाला. एवढ्यावर थांबले असते तर तेही आहारतज्ज्ञ म्हणूनच लक्षात राहिले असते. पण १९१६ पासून ते एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला घेऊन दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणीगावांत घरोघर फिरले. घरात किती पैसा येतो, त्यातून काय विकत घेतले जाते, ते कुठे मिळते, हे त्यांनी नोंदवले. उत्पन्न जितके कमी तितका रोग जास्त, हे तर दिसलेच. पण सारखेच उत्पन्न असलेल्या दोन गावांतही फरक होता, कारण एका गावाला आसपासच्या शेतांतून ताजे अन्न मिळत होते आणि दुसऱ्याला मिळत नव्हते. जिथे दारापर्यंत कापूसच पेरला जायचा, तिथे भाजी लावायला जागा नव्हती आणि गाय बांधायलाही नव्हती. अशा घरातल्या आईला दुधाचे महत्त्व सांगून काय साधणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिकवणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. सवयी खऱ्या असतात. पैसा असूनही माणसे स्वतःला आणि मुलांना अपाय होईल असे खातात, आणि अतिपोषणाचे आजार, म्हणजे स्थूलता, मधुमेह, हृदयविकार, हे काही केवळ टंचाईतून येत नाहीत. लोकांची मते आणि जिभा बदलता येतात हेही खरे आहे. फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया प्रांतात १९७२ साली पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला प्रकल्प त्याचा मोठा पुरावा आहे. तिथे कामकरी वयातले पुरुष हृदयविकाराने भराभर मरत होते. पुढच्या चार दशकांत त्या वयोगटातले हे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्यात तंबाखू सुटण्याचा वाटा होता, तसाच आहार बदलण्याचाही होता.

पण हे झाले कसे? भाषणांनी? प्रकल्पाची मागणीच मुळी प्रांतातल्या लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज करून केली होती. मग तिथल्या महिला संघटनेच्या बायकांनी गावोगाव एकत्र स्वयंपाक करून नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि जास्त भाजी घालून करून दाखवले. मांसप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना मालातली चरबी आणि मीठ कमी करायला राजी केले गेले. दुग्धव्यवसायावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना बेरी या फळांच्या लागवडीकडे वळण्यासाठी मदत मिळाली. सवय बदलली, कारण दुकानातला माल, शेतातले पीक आणि शेजारणीच्या घरचा स्वयंपाक हे सगळे एकदम बदलू लागले. ज्याला आपण वैयक्तिक निवड म्हणतो ती निवड कुणीतरी आधी मांडून ठेवलेल्या फळीवरूनच होत असते. ती फळी तशीच ठेवून माणसाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

हा वाद नवाही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी आलेले तरुण मोठ्या संख्येने सैन्यात घेण्याच्या लायकीचे नाहीत हे पाहून ब्रिटन हादरले होते. १९०४ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला आणि १९०६ मध्ये स्थानिक संस्थांना शाळकरी मुलांना जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला. तेव्हा विरोधकांचे म्हणणे काय होते? मुलांना शाळेत खाऊ घातले तर आईबापांची जबाबदारीची जाणीव मरेल. शंभराहून अधिक वर्षे झाली, वाक्य तेच आहे. त्या वेळी ब्रॅडफर्ड शहराने जे केले ते मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचे वाटते. १९०७ मध्ये तिथले शालेय वैद्यकीय अधिकारी राल्फ क्रोली यांनी चाळीस गरजू मुलांना काही आठवडे जेवण दिले आणि त्यांची वजने नियमित घेतली. जेवण सुरू असताना वजन वाढायचे. मध्ये सुट्टी आली, जेवण थांबले, आणि आलेखाची रेघ खाली उतरली. आईबापांच्या जबाबदारीवर तावातावाने बोलणाऱ्यांसमोर ती रेघ ठेवावी.

आता वाटपवाल्यांकडे वळतो, कारण त्यांची चूक जास्त सज्जन आहे आणि म्हणूनच जास्त काळ टिकते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर १९३०च्या दशकात तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. अंगावर सूज, केस विरळ आणि फिके, कातडीवर चट्टे, चेहऱ्यावर कमालीची खिन्नता, अशी मुले त्यांना दिसली. त्यांनी तिथल्या बायकांना विचारले, याला तुम्ही काय म्हणता? उत्तर आले, क्वाशिओरकोर. गा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ विल्यम्सबाईंनी नोंदवला आहे: पुढचे मूल जन्मल्यावर पदच्युत झालेल्या बाळाचा आजार. थोडा वेळ या शब्दापाशी थांबावे असे मला वाटते. त्या बायकांनी आजाराच्या नावातच त्याचे कारण सांगून ठेवले होते. दोन बाळंतपणांतले अंतर, अचानक सुटलेले अंगावरचे दूध, धाकट्यात गुंतलेली आई, थोरल्याच्या वाट्याला आलेला नुसता पिठूळ घास. सगळे त्या एका शब्दात होते.

पुढे जगाने त्यातून काय ऐकले? प्रथिने. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत प्रथिनांविषयी सल्लागार गट नेमला गेला, १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवाल निघाला, आणि प्रथिनयुक्त पिठे, मिश्रणे, नवनवे स्रोत यांवर पैसा आणि बुद्धी खर्ची पडली. ज्यांनी आकडे नीट तपासले त्यांना वेगळेच दिसत होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहिलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सांगत होते की बहुतेक ठिकाणी उणीव एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची आहे. पोटभर अन्न मिळाले तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते. शेवटी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे अंदाज खाली आणले, आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकाराची मोठी फजिती अशीच संभावना केली. सुखात्म्यांची पुढच्या काळातली सगळी मते मला पटतात असे नाही. पण या एका बाबतीत त्यांचे वेळीच ऐकले असते तर? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे जवळपास वीस वर्षे चालले. त्या वीस वर्षांत पदच्युत झालेली बाळे थांबून राहिली नव्हती.

यावर एक हुकमी उत्तर येते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आयोडीनयुक्त मिठाचे काय? तिथे कुणाच्या घरात डोकावावे लागले नाही. स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल आउसररोडन प्रांतात १९२२ मध्ये, अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२४ मध्ये मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली आणि पिढ्यानपिढ्यांचे गलगंड काही वर्षांत ओसरू लागले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले हे एक अतिशय स्वस्त आणि सुंदर यश आहे, आणि जिथे असा उपाय लागू पडतो तिथे सहभागाच्या नावाखाली त्याला एक दिवसही उशीर करू नये. मात्र तो लागू का पडला ते पाहा. कारण एकच होते, ते माहीत होते, त्या जमिनीवर राहणाऱ्या सर्वांना सारखेच होते, आणि मीठ प्रत्येक जण रोज साधारण तेवढेच खातो. या चार अटी पुन्हा एकत्र कुठे भेटतात?

लोहाचेच घ्या. रक्तक्षय म्हणजे लोहाची उणीव, उणीव म्हणजे गोळी, असा सरळ हिशेब वाटतो. टांझानियातल्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देऊन पाहणारी मोठी चाचणी झाली. त्या बेटावर हिवतापाचा जोर होता. लोह मिळालेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचे दिसले आणि २००३ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. लोहाची उणीव असलेल्या आणि हिवतापावर नीट उपचार मिळणाऱ्या मुलांना तेच लोह उपकारक ठरू शकते, हेही पुढे विश्लेषणातून दिसले. म्हणजे गोळी तीच, परिणाम मात्र ती कोणत्या वस्तीत, कोणत्या मुलाला, कोणत्या सोयींसह दिली यावर अवलंबून. जिथे रक्त आतड्यातले जंत पितात, जिथे डासांवर उपाय नाही, तिथे फक्त गोळीचे नियोजन करणाऱ्याने अर्धेसुद्धा काम केलेले नसते.

या सगळ्या वादाचा निकाल लावायला मला दोन शेजारी कार्यक्रम पुरेसे वाटतात. तामिळनाडूत १९८० पासून एक एकात्मिक पोषण प्रकल्प राबवला गेला. सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांची दर महिन्याला वजने घ्यायची. ज्याचे वजन वाढायचे थांबले त्यालाच जादा आहार, तोही साधारण तीन महिने. आणि आईशी बोलणे. वजनाचा कागद आईलाही दिसायचा. कार्यकर्ती निवडताना एक निकष मला फार शहाणपणाचा वाटतो: ती त्याच गावची हवी आणि तिची स्वतःची मुले गरिबीतही धडधाकट असावीत. तीव्र कुपोषण लक्षणीय घटले. हे यश पाहून १९९५ मध्ये बांगलादेशात त्याच धर्तीचा प्रकल्प सुरू झाला. वजने, निवडक मुलांना आहार, आयांना समुपदेशन, सगळे साधारण तसेच. मूल्यमापनांत परिणाम मात्र अगदीच तुटपुंजा निघाला. का? आया शिकल्या नाहीत म्हणून? नाही, ज्ञान तर वाढले होते. पण तिथे बाजारहाट बहुतेक घरांत पुरुष करत होते, आणि एकत्र कुटुंबांत कुणाच्या ताटात काय पडेल हे सासू ठरवत होती. सगळा उपदेश जिच्या हातात पैसा नव्हता आणि पळीही नव्हती तिलाच केला गेला. शिवाय बाहेरून मूठभर मिळाले की घरातून तेवढे कमी वाढले जाण्याचा धोका होताच. आराखडा उचलून आणला, तो ज्या घरावर उभा होता ते घर मागेच राहिले. बांगलादेशात काम करणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात दहा घरांत बसून नुसते पाहिले असते की इथे विकत कोण घेते, शिजवते कोण, वाढते कोण आणि शेवटी जेवते कोण, तर सासूला आणि नवऱ्याला त्या खोलीत बोलावणे अवघड नव्हते.

म्हणूनच ‘लाभार्थी’ हा शब्द मला खुपतो. तो एकदा कागदावर आला की समोरचा माणूस फक्त हात पसरणारा उरतो. त्याला काही माहीत असू शकते, त्याने काही युक्ती काढलेली असू शकते, हे सुचतच नाही. व्हिएतनामच्या थान होआ प्रांतात १९९०च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन यांनी गावकऱ्यांना उलटा प्रश्न विचारला: इथल्या अगदी गरीब घरांतही काही मुले सुदृढ आहेत का? गावकऱ्यांनीच वजने केली, तशी मुले सापडली, त्यांची घरे पाहिली. त्या आया भातखाचरातल्या बारीक कोळंब्या, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. ते फुकट होते, सगळ्यांना उपलब्ध होते, पण मुलांसाठी योग्य नाही असे मानले जायचे. शिवाय त्या दिवसातून दोनदा भरवण्याऐवजी थोडे थोडे अनेकदा भरवत होत्या. टांझानियाच्या इरिंगा भागातही १९८३ नंतर गावसभेसमोर मुलांची वजने मांडली जाऊ लागली तेव्हा हाच मुद्दा पुढे आला. धान्य असलेल्या घरातही मूल दोनदाच जेवत होते, कारण आई दिवसभर शेतात. उपाय निघाला तो मुलांना दिवसा सांभाळायच्या जागेचा आणि बायकांचे काम हलके करण्याचा. राजधानीतल्या आहारतक्त्यात हे कोणत्या रकान्यात बसले असते?

सहभागाचेही सोंग होते, हे मला ठाऊक आहे. सभा भरते, गावातले वजनदार लोक बोलतात, सह्या होतात आणि सर्वांत उपाशी घर सभेला येतच नाही. वजने घेण्याचे, घरोघर जाण्याचे काम बायकांवर ‘सेवा’ म्हणून फुकट टाकले जाते. हा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो. थायलंडने १९८०च्या दशकात काही थोड्या घरांमागे एक स्वयंसेवक अशी दाट वीण घातली आणि १९८२ मध्ये कमी वजनाची जवळपास निम्मी असलेली मुले दशकाअखेरीस पाचव्या हिश्शाच्या आसपास आली. पण तिथे स्वयंसेवकाच्या पाठीशी आरोग्यकेंद्र, प्रशिक्षण आणि गरिबी हटवण्याचे सरकारी धोरण उभे होते. गावाला सोबत घेणे म्हणजे सरकारने हात झटकणे नव्हे. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. कारणे अनेक आहेत म्हणून सगळे थोडे थोडे करून भागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत संडास, हात धुणे, पाणी शुद्ध करणे अशा घरगुती उपायांनी मुलांची उंची वाढेल अशी मोठी आशा होती. २०१८ च्या आसपास आलेल्या काटेकोर चाचण्यांत त्या उपायांनी खुजेपणा कमी झाला नाही. घाणीचा आणि वाढीचा संबंध नाही असा त्याचा अर्थ मी लावत नाही. एवढे किरकोळ उपाय त्या घाणीला पुरे पडले नाहीत, असा लावतो. पण ते कळले कशामुळे? मोजले म्हणून.

आणि मोजण्यात वेळ जातो, भुकेला वेळ नसतो, असे जे म्हणतात त्यांनी जपानी आरमाराकडे पाहावे. १८८२-८३ मधल्या एका लांब सफरीत ‘र्युजो’ जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी, म्हणजे एका जीवनसत्त्वाच्या अभावाने नसा आणि हृदय दुबळे करणारा रोग, झाला आणि २५ जण मेले. ताकाकी कानेहिरो या डॉक्टरांनी १८८४ मध्ये दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवले, फक्त जेवण बदलून. मोजकेच आजारी पडले, मेले कुणीच नाही. ताकाकींचा सिद्धांत चुकीचा होता. प्रथिने कमी पडतात असे त्यांना वाटत होते आणि जीवनसत्त्वाची कल्पनाही तेव्हा कुणाला नव्हती. तरी त्यांनी उपाय आणि मोजणी एकाच जहाजावर चढवली. भूदलाने मात्र बेरीबेरी हा जंतूंचा रोग मानला आणि पांढऱ्या भातावरच भर ठेवला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात त्या सैन्यातले सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने गेले. उशीर मोजणाऱ्याने केला की न मोजणाऱ्याने?

राहता राहिला पैशाचा आणि मुदतीचा प्रश्न, आणि तिथे मी दोन्ही बाजूंशी भांडायला तयार आहे. पोषण कार्यक्रम तीन किंवा पाच वर्षांचे आखले जातात. पी हळद आणि हो गोरी अशी अपेक्षा ठेवून निधी दिला जातो आणि आकडे हलले नाहीत की काढून घेतला जातो. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात काही गावांतल्या लहान मुलांना पौष्टिक पेय दिले गेले होते. ज्यांना ते वयाच्या पहिल्या दोन वर्षांत मिळाले होते, त्यांच्यातले पुरुष मोठेपणी ताशी ४६ टक्के जास्त कमावत होते, हे कळायला तीसेक वर्षे जावी लागली. कोणत्या पंचवार्षिक मूल्यमापनात हे दिसले असते? म्हणून वजनाची नोंद दरमहा हवी आणि निर्धार पिढीचा हवा. योजना आखतानाच मुदत संपल्यावर कोण चालवणार, पैसा कोणत्या खात्यातून येणार, वजनकाटा कुणाच्या घरी राहणार, हे लिहून ठेवायला हवे.

गोल्डबर्गरांच्या त्या अनाथालयांकडे परत जातो. सुधारित जेवणाचा खर्च सरकार देत होते. १९१६ मध्ये तो पैसा थांबला आणि त्यातल्या एका संस्थेत मुलांच्या ताटात जुनेच जेवण परत आले. कारण काय, उपाय काय, हे तोवर तिथल्या सगळ्यांना माहीत झाले होते. वर्ष पुरते उलटायच्या आत त्या मुलांच्या हातांची कातडी पुन्हा सोलवटू लागली.